फडकं कुणाच्या हातात?

पत्र:

मावशी, मला दोन मुलगे. मोठा सात वर्षांचा, धाकटा चार. मागच्या शनिवारचंच सांगते. सकाळी मी कडधान्यं निवडत होते, तेवढ्यात धाकट्यानं नाकात हरभरा घातला. डॉक्टरांकडून परत येते तो मोठ्यानं खिडकीच्या ग्रिलपासून पुस्तकांच्या कपाटाच्या मुठीपर्यंत नायलॉनची दोरी बांधलेली, आणि हँगरला लटकवून टेडीला 'पलीकडच्या डोंगरावर' पाठवणं चालू. दुपारी दीडला सोफ्यावरून उड्या; खालच्या मजल्यावरच्या काकांनी येऊन बेल वाजवली. संध्याकाळी ताकाचं पातेलं सांडलं आणि मी मोठ्याच्या पाठीत धपाटा घातला. रात्री बहिणीला फोनवर हे सांगताना हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग नुसतंच पाणी येत राहिलं. सासूबाई म्हणतात, 'मुलगेच ते, असेच असायचे.' गोडानं चढतं असंही म्हणतात, म्हणून मी साखर बंद केलीय. व्हॉट्सअॅपवर वाचलं की चौथ्या वर्षी मुलग्यांमध्ये हार्मोनची लाट येते. मिस्टर सकाळी लोकलनं जातात, रात्री नऊला येतात आणि आल्याआल्या दोघांशी कुस्ती. मग साडेदहापर्यंत कुणी झोपत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, मोठा वर्गात शहाण्यासारखा असतो. मग घरीच असं का? कुणाला दाखवावं का? की माझंच काही चुकतंय?
– दोन वांडांची आई, डोंबिवली

उत्तर:

अगं, माझ्या सुनेच्या वयाची दिसतेस, म्हणून सरळ अगं-तुगं करते. राग मानू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा टेडीसाठी, दुसऱ्यांदा तुझ्यासाठी.

दोरीचा उतार बरोबर असणार, नाहीतर टेडी मध्येच लोंबकळला असता. 'पुढे इंजिनिअर होणार बघ' असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात ते प्रत्येकाला म्हणून झालेलं आहे.

आधी 'कुणाला दाखवावं का' ते संपवू, कारण रात्री तेच तुला जागवत असणार. शाळेतल्या बाई मोठ्याला शहाणा म्हणतात ना? मग बरंचसं उत्तर तिथंच मिळालं. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चळवळेपणा) म्हणतात ते निदान करताना डॉक्टर हे बघतात की त्रास किमान 2 ठिकाणी आहे का, 6 महिने तरी चाललाय का, आणि त्यापायी मुलाचं शिकणं, खेळणं, मैत्री अडतेय का. घरी वाघ आणि शाळेत गाय, हे त्यात सहसा बसत नाही. शाळेत दिवसभर शहाणपण अंगावर घालून तो दमतो आणि घरी आल्यावर ते काढून ठेवतो, तुझे मिस्टर आल्याआल्या कमरेचा पट्टा काढून ठेवतात तसं. धाकट्याच्या बालवाडीतूनही काही तक्रार नसेल, बोलणं-चालणं वयाप्रमाणे असेल, तर तूर्त कुणाला दाखवू नकोस. शाळेतूनही तक्रारी यायला लागल्या तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोल, शेजारणीशी नको.

आता साखर. ती बिचारी विनाकारण तुरुंगात गेलीय. 1994 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला: 5 ते 7 वर्षांचे 35 मुलगे (होय, सगळे मुलगेच) आणि त्यांच्या आया. आपल्या लेकाला गोडानं चढतं अशी या आयांची पक्की समजूत. त्यांतल्या काहींना सांगितलं, मुलाला आत्ताच भरपूर साखर दिलीय. बाकीच्यांना सांगितलं, दिलेली नाही. खरं म्हणजे एकाच्याही पोटात साखर गेलेली नव्हती; सगळ्यांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं होतं. तरी 'साखर दिलीय' हे ऐकलेल्या आयांना आपलं पोर जास्त चळवळं दिसलं. त्या पोराच्या जास्त जवळ जाऊन बसल्या, जास्त टोकत राहिल्या. दातांसाठी साखर कमी ठेव, जरूर ठेव. दंग्याशी तिचा संबंध लावू नकोस. आणि ती हार्मोनची लाट? जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढतं, मग उतरतं, ते वयात येईपर्यंत उतरलेलंच असतं. तुझ्या घरी चौथ्या वर्षी आली ती ताकाची लाट.

मुलगे सरासरीनं मुलींपेक्षा थोडे जास्त हलतात, हे अभ्यासांत दिसतं. पण थोडेच. तुमच्याच सोसायटीत एखादी मुलगी अशी निघेल की तिच्यापुढे तुझे दोघे गोसावी वाटतील. म्हणजे सासूबाई अगदीच चूक नाहीत. त्यांच्या वाक्यातलं 'मुलगेच ते' मला चालतं. 'असेच असायचे' हे मात्र टोचतं. का, ते माझ्याच घरातलं सांगते.

1989 साल. आम्ही मिरजेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझे तिघे तेव्हा नऊ, सात आणि चार. समोरच्या घरी बारसं झालं. बारशात वरवंट्याला नटवून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करत पाळण्याच्या खालून-वरून देतात, ते तिघांनी डोळे फाडून पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी मी दळण आणायला गेले. परत येऊन दारात उभी राहते तो काय, छताच्या कडीला माझ्या चांगल्या साडीची झोळी, झोळीत आमचा वरवंटा, डोक्याला टोपडं, कपाळाला काजळाची तीट. थोरला झोका देतोय, मधला आत्या होऊन कानात नाव सांगतोय, आणि धाकटा झोळीच्या बरोबर खाली उताणा पडून हात वर करून ओरडतोय, 'मला गोविंद द्या, मला गोविंद द्या!'

मी किंचाळले. त्यानं दचकून कूस बदलली, घरंगळत बाजूला झाला, आणि साडीची गाठ सुटली. शहाबादी फरशीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चीर. वरवंट्याला काही झालं नाही. तीटसुद्धा जागेवर होती. माझ्या हातातला पिठाचा डबा केव्हा पडला ते मला कळलंच नाही. पाय लटपटत होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, 'नाव काय ठेवलंत रे याचं?' मधला गंभीरपणे म्हणाला, 'दगडू.'

मी तिथंच पिठात बसले आणि हसत सुटले.

ही गोष्ट आमच्या घरात 35 वर्षं सांगितली जातेय. पुढचा भाग कुणी सांगत नाही, कारण त्यात काही मजा नाही. पुढं मी उठले, झाडू घेतला, पीठ गोळा केलं, फडकं ओलं करून फरशी पुसली, चिरेवर चटई टाकली, साडी भिजत घातली. तिघांना म्हणाले, 'जा, बाहेर खेळा, माझ्या पायात येऊ नका.' मुलगेच ते.

मागच्या वर्षी सून चार दिवस माहेरी गेली होती. थोरल्याचा पुण्याहून फोन. आता चाळिशी ओलांडलीय त्यानं, कंपनीत हाताखाली माणसं आहेत. म्हणाला, 'आई, आमच्याकडे फरशी पुसायचं फडकं कुठं असतं गं?' सांगलीत बसून मी त्याला त्याच्याच घरातलं फडकं शोधून दिलं. बाल्कनीत, बादलीच्या काठावर वाळत टाकलेलं होतं. सगळ्यांकडे तिथंच असतं ते.

पोरगा चांगला आहे माझा. फडकं कुठं असतं हे त्याला कुणी कधी कळूच दिलं नाही, एवढंच. आणि ते 'कुणी' म्हणजे मीच, हसता हसता झाडू उचलणारी.

भारत सरकारचं 2019 चं एक सर्वेक्षण आहे, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात त्याचं. बिनपगारी घरकामात दिवसाकाठी बायकांची 299 मिनिटं जातात, पुरुषांची 97. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. आणि हात लावणारे किती, तर शंभरात 26. बायकांत शंभरात 81. या सर्वेक्षणात 6 वर्षांपासून पुढची सगळी माणसं धरली होती. म्हणजे तुझा मोठा त्या हिशोबात बसायच्या वयाचा झालाय.

तर तुझं ताक. पातेलं सांडलं, तू धपाटा घातलास आणि मग स्वतःच पुसून काढलंस. पत्रात लिहिलं नाहीस, पण मला दिसतंय. पुढच्या वेळी धपाटाही नको आणि फडकंही तू घेऊ नको. मोठ्याच्या हातात कोरडं फडकं, धाकट्याकडे छोटी बादली. ताक पुसायचं म्हणजे आधी कोरड्या फडक्यानं कडेकडून मध्याकडे टिपत यायचं, बादलीत पिळायचं, मग ओल्या फडक्यानं दोनदा, नाहीतर तळपाय चिकटतात आणि रात्री आंबूस वास सुटतो. हे एकदा शेजारी उकिडवी बसून दाखव. पहिल्यांदा आहे त्यापेक्षा वाईट होणार. ताक सोफ्याखाली जाईल, पिळलेलं निम्मं चड्डीवर येईल, धाकटा फडक्यावर बसून 'मला ओढ' म्हणेल. ओढू दे. तुला उचंबळून येईल की द्या इकडे, दोन मिनिटांत करते. तिथं हात मागं बांध. आणि हे शिक्षा म्हणून सांगू नकोस. 'जरा मीठ दे' म्हणतेस त्या आवाजात सांग. सासूबाई 'अगं, पोराला कसलं फडकं देतेस' म्हणतील. म्हणू देत. त्यांना म्हणावं, सांगलीच्या मावशींनी सांगितलंय, माझ्यावर ढकल.

आवराआवरीला कुकर लाव. खरंच सांगते. ओरडून घसा बसवण्यापेक्षा भाताचा कुकर चढवायचा आणि जाहीर करायचं, तिसऱ्या शिट्टीपर्यंत हॉलमधल्या गाड्या टोपलीत. पोरांना आईचा आवाज ऐकू येत नाही, पण शिट्टीशी कुणी वाद घालत नाही. (दुसऱ्या शिट्टीनंतर गॅस बारीक करायची सोय तुझ्या हातात आहे, हे त्यांना कळू देऊ नकोस.)

राहता राहिलं अंगातलं वारं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 3-4 वर्षांच्या मुलानं दिवसात निदान 180 मिनिटं हालचाल करावी, त्यांतली 60 मध्यम ते जोराची. 5 वर्षांपुढच्यांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी दमेल असं काही करावं. दोन खोल्यांच्या घरात हे कुठं मावणार? मग ते सोफ्यावरून खालच्या काकांच्या डोक्यावर पडतं. शाळेतून आल्यावर कपडे बदलून, खाऊन, लगेच खाली. टीव्ही लागला की संपलं, त्याच्या आधी. लगोरी, डबा ऐसपैस, लंगडी, काय असेल ते. धाकटा कच्चं लिंबू म्हणून पळेल. तू दमली असशील तर सासूबाईंना बाकावर बसव. 'मुलगेच ते' म्हणायला ती जागा फार चांगली आहे.

पावसाळ्यात पंचाईत होते, मान्य. तेव्हा आवाज न करता दमवायचं. कणकेचा गोळा तिंबायला दे. अर्धी बादली पाणी मोरीतून झाडांपर्यंत न सांडता न्यायला सांग. जाड गोधडीची चौघडी घालून त्यावर बारा सूर्यनमस्कार, अट एकच, पाय टेकल्याचा आवाज झाला की तो नमस्कार मोजायचा नाही. माझा मधला या अटीपायी इतका हळू घालायचा की सातव्यालाच घामाघूम.

खालच्या काकांकडे तू माफी मागायला जाऊ नकोस. पोरांना पाठव, हातात वाटीभर काहीतरी देऊन, आणि त्यांनीच विचारायचं, 'काका, तुम्ही किती वाजता झोपता?' दीड ते चार असं काकांच्या तोंडून ऐकलं की ती वेळ पाळणं वेगळं होतं. आईनं सांगितलेली वेळ म्हणजे नुसती कटकट.

मिस्टरांची कुस्ती बंद करू नकोस. बाप दिवसातून एकदा हाताला लागतो तो तेवढाच. पण साडेनऊनंतर नको, आणि कुस्तीत एक नियम घाला: कुणीही 'सोड' म्हटलं की त्याच क्षणी सोडायचं, बाबांनीसुद्धा. धाकटा आधी मजा म्हणून वीस वेळा 'सोड' म्हणेल. वीसही वेळा सोडा. नंतर दिवा मंद करून बाबांनीच गोष्ट सांगायची. चार वर्षांच्याला दिवसभरात 10 ते 13 तास झोप लागते. साडेदहाला झोपून सकाळी शाळेसाठी उठणारं पोर संध्याकाळी किरकिरं होणारच, त्याला हार्मोन कशाला हवेत?

दोघांची आपसांतली मारामारी खरी की खोटी ते चेहऱ्यावरून ओळख. हसू आहे, कधी हा वर कधी तो वर, आणि सुटल्यावर परत एकमेकांकडेच धावतात, तर तो खेळ. तू भाजी चिरत राहा. दात आवळलेले, मूठ वळलेली, एकजणच सारखा खाली, आणि सुटल्यावर दोघं दोन खोल्यांत, तर जा.

धपाट्याचं. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेत मुलांना मारायला बंदी आहे. बाई चाळीस पोरं हात न उगारता सांभाळतात आणि आपण दोघांवर उचलतो, हे मला माझी मुलं मोठी झाल्यावर सुचलं. तू मोठ्याला एवढंच म्हण, 'त्या दिवशी मी मारलं, ते माझं चुकलं.' पुढं 'पण तू ताक सांडलंस' हे शेपूट जोडू नकोस. तो बहुतेक 'कधी मारलंस?' म्हणेल. तरी म्हण.

तुझं चुकतंय का, विचारलंस. बहिणीला सांगताना आधी हसू आलं ना? मग नको काळजी करूस. नंतर जे रडू आलं ते दमण्याचं होतं. त्यावर उपाय रविवारी दोन तास घराबाहेर जाणं, एकटीनं, भाजी आणायला नव्हे.

हरभऱ्याचं मात्र नीट ऐक, कारण पुन्हा होणार. हेअरपिन, चिमटा काही घालायचं नाही. दाणा आत सरकतो. पाणीही घालायचं नाही, दाणा फुगतो. दुसरी नाकपुडी दाबून शिंकरायला सांग. नाही निघालं तर डॉक्टर. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड यायला लागला तरी आत काहीतरी अडकलंय असं समजून दाखवून आण. आणि खेळण्यातली किंवा रिमोटमधली चपटी गोल बटण-बॅटरी नाकात किंवा पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नकोस. ती घशात अडकली तर 2 तासांतही आतून भाजते. तडक हॉस्पिटल, गाडी मिळत नसेल तर 108. घरातल्या अशा सगळ्या बॅटऱ्यांची झाकणं आजच चिकटपट्टीनं बंद कर.

शेवटी ते कपाट. तू सहज लिहून गेलीस, पण मी तिथंच थबकले. दोरीचं दुसरं टोक पुस्तकांच्या कपाटाच्या मुठीला होतं. टेडीचं वजन काही नाही, पण चार वर्षांचा तिथं लटकला किंवा मुठीवर पाय देऊन चढला, की कपाट पुस्तकांसकट पुढं येतं. दगडूच्या वेळी माझं नशीब होतं, प्रत्येक वेळी नसतं. कपाट दोन लोखंडी अँगल मारून भिंतीला जखडून घे, या रविवारच्या आत. दोरी पुढच्या वेळी दोन खिडक्यांच्या ग्रिलला, धाकट्याच्या कमरेखालून, मोठं माणूस खोलीत असताना. आणि खेळ संपला की लगेच सोडायची.

मिस्टर भिंतीला ड्रिल करतील तेव्हा दोघांना दारात उभं ठेव. बघू देत, हात लावू देऊ नकोस. मग खाली जो भुगा पडेल, त्याच्यासाठी फडकं बाल्कनीत बादलीच्या काठावर आहे.

आणि टेडी पलीकडच्या डोंगरावर पोचला का, ते कळव.